पत्तावाटप, संगणक-जाळ्यातील

संगणक-जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला अंकी पत्ता देण्याची, ठरलेल्या मुदतीनंतर तो परत घेण्याची आणि दुसऱ्या यंत्रास पुन्हा देण्याची व्यवस्था. या व्यवस्थेच्या सर्वत्र रूढ असलेल्या नियमावलीस डीएचसीपी असे म्हणतात. वाटपासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांच्या संचास ‘पूल’ आणि ज्या मुदतीकरिता पत्ता दिला जातो तीस ‘लीज’ म्हणजे भाडेपट्टा अशी नावे आहेत. हे वाटप स्वतंत्र संगणक करू शकतो. त्याचप्रमाणे जाळ्यातील तारा जेथे एकत्र येतात तो स्विचही करू शकतो. कारखान्यांच्या आवारात दुसरी पद्धत अनेकदा सोयीची ठरते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात या व्यवस्थेचा विकास व तिचे स्वरूप येथे दिले आहे.

पार्श्वभूमी : हा पट्टा स्वतःच एका मोठ्या वाटपातून उभा राहिला. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर शेतजमिनींचे सर्व्हे क्रमांक मागे पडून त्यांच्या जागी विभागांची व भूखंडांची नावे व क्रमांक आले. पिंपरी-वाघेरे, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली व १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे पुणे-नाशिक रस्त्याने उद्योगांचा विस्तार खेड तालुक्यातील चाकणपर्यंत गेला. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. मर्सिडीझ-बेंझचा कारखानाही २००९ मध्येच तेथे आला. महामंडळ भूखंड विकत देत नाही, तर सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. जागा वापरणाऱ्याची, पण मालकी वाटप करणाऱ्याची, हे तत्त्व या भागातील उद्योजकास परिचयाचे आहे. याच तत्त्वावर त्याच्या कारखान्यातील संगणकांना पत्ते मिळतात. फरक इतकाच, की तेथील पट्टा ९५ वर्षांऐवजी काही तासांचा असतो.

अंकी पत्त्याचा उगम : आंतरजालाची पत्तापद्धती सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झाली. तीत प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संभवतात. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने ही पद्धती पूर्णपणे स्वीकारली. त्या काळी जोडलेल्या यंत्रांची संख्या अल्प असल्यामुळे पत्त्यांचे मोठमोठे गट मागेल त्यास दिले गेले. यांतील सर्वांत मोठ्या गटात १,६७,७७,२१६ पत्ते असत. १९ या अंकाने सुरू होणारा असा संपूर्ण गट फोर्ड मोटर कंपनीच्या नावावर, तर ५३ ने सुरू होणारा गट जर्मनीतील डायम्लर या मोटार-उद्योगसमूहाच्या नावावर नोंदविला गेला. या उदार वाटपाचे परिणाम उशिरा आलेल्या देशांना पुढे भोगावे लागले.

संस्थेच्या आत प्रत्येक यंत्रास पत्ता देण्याचे काम प्रारंभी हातानेच होई. जाळ्याची देखरेख करणारा कर्मचारी वहीत नोंद करी आणि प्रत्येक यंत्राजवळ जाऊन अंक भरी. एकच पत्ता चुकून दोन यंत्रांना दिला गेल्यास दोन्हींचे संदेशवहन बिघडे व दोष शोधण्यात दिवस जाई. यंत्र एका इमारतीतून दुसरीत हलविले, की त्याचा पत्ताही बदलावा लागे.

स्वयंचलित वाटपाचा विकास : जून १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आरएआरपी ही नियमावली प्रसिद्ध केली. तीनुसार यंत्र आपल्या जोडपट्टीवर कायमचा कोरलेला मॅक क्रमांक सांगे आणि सर्व्हर त्याच्याशी जुळणारा पत्ता कळवी. ही देवाणघेवाण जाळ्याच्या एका तुकड्यापुरतीच होऊ शके व पत्त्याखेरीज इतर माहिती तीतून मिळत नसे. बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये मांडलेल्या बूटपी या नियमावलीने हे दोन्ही दोष दूर केले. तथापि कोणत्या यंत्रास कोणता पत्ता द्यावयाचा, याची यादी तीतही आधी हातानेच करावी लागे आणि एकदा दिलेला पत्ता त्या यंत्राकडेच राही.

अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपी प्रसिद्ध झाली. तिचे सुधारित रूप मार्च १९९७ मध्ये आले व तेच आजच्या वापराचा आधार आहे. बूटपीच्या संदेशांचा साचा तिने कायम ठेवला आणि त्यात मुदतीची कल्पना आणली. नवे यंत्र जाळ्यात येताच पत्त्याची मागणी करणारी हाक सर्वांना उद्देशून देते. सर्व्हर आपल्या पूलमधील एक मोकळा पत्ता देऊ करतो. यंत्र तो रीतसर मागते. सर्व्हर मुदतीसह मान्यता देतो. निम्मी मुदत संपताच यंत्र नूतनीकरण मागते. ते न मिळाल्यास ८७·५ टक्के मुदत उलटल्यावर कोणत्याही उपलब्ध सर्व्हरकडे मागणी करते. तरीही उत्तर न आल्यास मुदतीअखेर पत्ता सोडते. पत्ता ही यंत्राची मालमत्ता न राहता वापरापुरता मिळालेला हक्क झाला, हा या नियमावलीने घडविलेला मूलभूत बदल होय.

भारतातील आगमन : भारतात संगणक-जाळ्याचे कार्य १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्पाने सुरू झाले. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे या प्रकल्पाचे एक प्रमुख केंद्र होते व तेथील श्रीनिवासन रमाणी यांचा त्यात मोठा वाटा होता. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था व १९९० मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क स्थापन झाले. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरजाल-सेवा सर्वसामान्य ग्राहकांस खुली केली.

कार्यालयांतील जाळी त्यापूर्वीच अस्तित्वात आली होती. १९९० च्या सुमारास नॉव्हेल कंपनीची नेटवेअर प्रणाली प्रचलित होती. तीत यंत्राचा मॅक क्रमांकच पत्त्याचा भाग म्हणून वापरला जात असल्यामुळे वाटपाचा प्रश्न उद्भवत नसे. आंतरजालाची पद्धती कार्यालयांत रूढ झाल्यावर तो प्रथम उभा राहिला. मायक्रोसॉफ्टने १९९४ च्या विंडोज एनटी ३·५ या प्रणालीत डीएचसीपी सर्व्हर समाविष्ट केला, तेव्हापासून ही नियमावली सामान्य कार्यालयांच्या आवाक्यात आली.

टंचाई व खाजगी पत्ते : फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन पत्तागट खाजगी वापरासाठी निश्चित करण्यात आले. १० ने सुरू होणाऱ्या गटात १,६७,७७,२१६, १७२.१६ ते १७२.३१ या गटात १०,४८,५७६ व १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या गटात ६५,५३६ पत्ते आहेत. हे पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरू शकतो, मात्र बाहेर जाताना राउटरला त्यांचे सार्वजनिक पत्त्यात रूपांतर करावे लागते. त्यामुळे भोसरीतील लहान यंत्रशाळेत व चाकणमधील मोठ्या कारखान्यात एकच अंक एकाच वेळी वापरात असू शकतात.

सार्वजनिक पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. आशिया-पॅसिफिक विभागाचे वाटप पाहणाऱ्या एपनिक या संस्थेचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी अखेरच्या गटावर आला. त्यानंतर या शेवटच्या गटातून प्रत्येक सदस्यास जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचा निर्बंध आला. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आणली गेली. १९९० च्या दशकापर्यंत एकेका परदेशी मोटार-कंपनीला पावणेदोन कोटींच्या घरात पत्ते मिळाले होते, हे लक्षात घेता ही विषमता स्पष्ट होते. भारतातील वाटपासाठी २०१२ पासून आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी-संस्था काम करते. बाहेरून मिळणारे पत्ते मोजके असल्यामुळे आतील खाजगी पत्त्यांची नीट आखणी करणे, हाच बहुतेक उद्योगांपुढील मार्ग आहे.

स्विच व पूलची रचना : जाळ्यातील तारा एकत्र आणून प्रत्येक संदेश नेमक्या यंत्राकडे पाठविणाऱ्या उपकरणास स्विच म्हणतात. पहिला व्यापारी ईथरनेट स्विच १९९० मध्ये कल्पना या अमेरिकी कंपनीने तयार केला. तिचे एक संस्थापक भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज होते व कंपनीस त्यांच्या पत्नीचे नाव दिले होते. १९९४ मध्ये ती सिस्को कंपनीने विकत घेतली. पुढे स्विचमध्ये निरनिराळ्या जाळ्यांत मार्ग ठरविण्याची व पत्ते वाटण्याचीही क्षमता आली. कारखान्याच्या एखाद्या दालनाचा मुख्य सर्व्हरशी संबंध तुटला, तरी त्या दालनातील स्विचच पत्ते देत असल्यास नव्याने सुरू होणाऱ्या यंत्रांचे अडत नाही.

स्विचवर पूल तयार करताना प्रथम आवाराचे आभासी जाळ्यांत विभाजन केले जाते, उदा., कार्यालय, गोदाम, उत्पादन-दालन व पाहुणे यांचे स्वतंत्र भाग. प्रत्येक भागास एक पत्तागट व एक पूल देतात. त्यानंतर वगळावयाचे पत्ते सांगावे लागतात. गेटवे, मुद्रणयंत्रे, सर्व्हर इत्यादींचे पत्ते कायम असतात; ते न वगळल्यास स्विच तेच पत्ते नव्या यंत्रांना देऊ लागतो व संघर्ष निर्माण होतो. म्हणून वगळण्याची आज्ञा पूल सुरू करण्यापूर्वी देणे श्रेयस्कर असते. यानंतर पूलला नाव देऊन त्यात पत्तागट, गेटवे, नावांचे अंकांत रूपांतर करणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता व भाडेपट्ट्याची मुदत भरतात. काही स्विच पत्ता देण्यापूर्वी त्या पत्त्यावर चाचणी-संदेश पाठवून तो खरोखरच मोकळा आहे काय, हे पाहतात.

पत्त्याची हाक एका जाळ्याबाहेर जात नाही. म्हणून वाटप मध्यवर्ती सर्व्हरकडे असल्यास प्रत्येक दालनातील स्विचला ती हाक पुढे पोहोचविण्याचे काम सोपवावे लागते. ही सोय करावयाची राहिल्यास सर्व्हर व पूल दोन्ही ठीक असूनही यंत्रास पत्ता मिळत नाही.

मुदतीचा प्रश्न : पूलचा आकार व मुदत यांचा परस्परसंबंध पाळ्यांमध्ये चालणाऱ्या कारखान्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. उदाहरणादाखल १९२.१६८.२०.० हा गट घेतल्यास त्यात वापरण्याजोगे २५४ पत्ते असतात. पहिले २० वगळले, की २३४ उरतात. प्रत्येक पाळीत १०० कामगार आपापले हातात धरावयाचे वाचनयंत्र किंवा फोन घेऊन येतात व मुदत २४ तासांची आहे, असे मानू. पहिल्या पाळीचे १०० पत्ते ती पाळी घरी गेल्यावरही अडकून राहतात. कारण दरवाजाबाहेर पडणारे यंत्र सहसा पत्ता परत केल्याचे कळवीत नाही. दुसऱ्या पाळीअखेर २०० पत्ते गुंतलेले असतात आणि रात्रपाळीच्या वाट्यास केवळ ३४ येतात. उरलेली ६६ यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारा स्वयंनिर्मित पत्ता धारण करतात. त्या पत्त्यावर गोदामाच्या नोंदीही करता येत नाहीत व बाहेरही जाता येत नाही. दिवसा तपासणी करणाऱ्यास सर्व सुरळीत दिसते आणि दोष रात्रपाळीच्या कामगारांच्या माथी येतो. मुदत एक तासाची केली असता पाळी सुटल्यावर तासाभरात पत्ते मोकळे होतात. मात्र नूतनीकरणाचे संदेश वाढतात व सर्व्हर बंद पडल्यास तो दुरुस्त करण्यास अवधी कमी मिळतो.

यंत्रे व स्थिर पत्ते : उत्पादन-दालनातील नियंत्रण-यंत्रांची गरज याच्या उलट असते. रोबॉट, वेल्डिंगची यंत्रे, मापक इ. उपकरणांना मध्यवर्ती नियंत्रक ठराविक पत्त्यावर शोधतो. पत्ता बदलल्यास उत्पादन-रेषा थांबते. मॉडबस ही १९७९ मधील नियंत्रणपद्धती १९९९ मध्ये आंतरजालाच्या नियमावलीवर आणली गेली, तर ईथरनेट/आयपी ही पद्धती २००१ मध्ये आली. त्यानंतर कार्यालय व कारखाना यांची जाळी एकाच प्रकारची झाली व कार्यालयासाठी योजलेली अल्पमुदतीची वाटपपद्धती यंत्रांपर्यंत पोहोचली.

यावर दोन उपाय योजले जातात. पहिला, मॅक क्रमांकानुसार पत्ता राखून ठेवणे. परंतु जुने उपकरण जळून त्या जागी नवे बसविल्यास मॅक क्रमांक बदलतो व जुनी राखीव नोंद निरुपयोगी ठरते. रात्री उपकरण बदलणाऱ्या तंत्रज्ञाला स्विचच्या नोंदी बदलण्याचा अधिकार बहुधा नसतो. दुसरा उपाय म्हणजे पत्ता यंत्रास न देता स्विचच्या पोर्टला जोडणे. त्या पोर्टवर कोणतेही उपकरण लावले, तरी त्यास तोच पत्ता मिळतो. ही सोय कारखान्यांची गरज लक्षात घेऊनच औद्योगिक स्विचमध्ये करण्यात आली. येथे पत्ता व्यक्तीचा किंवा वस्तूचा न राहता पुन्हा जागेचा होतो.

सुरक्षा व नोंदी : पत्त्यासाठी दिलेल्या हाकेस जाळ्यातील कोणीही उत्तर देऊ शकतो, हा या नियमावलीचा जुना दोष आहे. कोणी घरगुती राउटर आणून भिंतीवरील खाचेत जोडल्यास तोही पत्ते वाटू लागतो व त्याच्याकडून पत्ता घेणारी यंत्रे चुकीच्या मार्गाला लागतात. हे टाळण्यासाठी ठराविक पोर्टवरूनच वाटपाचे उत्तर स्वीकारण्याची सोय स्विचमध्ये असते. याशिवाय आलेली मागणी कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरची आहे, ही माहिती तीत जोडण्याची पद्धत जानेवारी २००१ मध्ये प्रमाणित झाली.

पत्ता तात्पुरता झाल्यामुळे तो कोणत्या वेळी कोणाकडे होता, ही नोंदच पुराव्याची वस्तू बनली. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे व यंत्रांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळविणे आवश्यक आहे. पाच पाळ्यांत पाच जणांकडे गेलेल्या पत्त्यावरून गैरप्रकार घडला असता, वाटपाची नोंद नसेल किंवा स्विचचे घड्याळ चुकत असेल, तर निरपराध कामगारावर संशय येऊ शकतो.

लहान उद्योग व पुढील दिशा : मोठ्या कारखान्यात ही कामे करणारा स्वतंत्र विभाग असतो, त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या भोसरी, तळवडे इ. भागांतील लहान उद्योगांत तसा तो सहसा नसतो. तथापि त्यांचेही जाळ्यावाचून चालत नाही. ५०,००० रुपयांहून अधिक किंमतीच्या मालाच्या वाहतुकीसाठी २०१८ पासून ई-वे बिल लागते, तर वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या उद्योगांना १ ऑगस्ट २०२३ पासून इतर नोंदणीकृत व्यावसायिकांशी होणाऱ्या विक्रीच्या बीजकांची ऑनलाइन नोंदणी अनिवार्य झाली आहे. बीजक तयार करणाऱ्या संगणकास पत्ता मिळाला नाही, तर भरलेला ट्रक दारात उभा राहतो आणि चाकणच्या उत्पादन-रेषेवर ठरल्या वेळी माल पोहोचत नाही. अशा ठिकाणी पूल, वगळलेले पत्ते, मुदत व राखीव पत्ते यांची एका कागदावरील नोंद जपणे हा अल्पखर्चाचा, पण परिणामकारक उपाय होय. पूल आखणारा कंत्राटदार निघून गेल्यावर त्याची आखणी त्या कागदावरूनच समजते.

डिसेंबर १९९८ मध्ये मांडलेल्या आयपी आवृत्ती ६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असून त्यात यंत्र आपला पत्ता स्वतः तयार करू शकते. भ्रमणध्वनी-सेवांमुळे भारतात या आवृत्तीचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. औद्योगिक नियंत्रण-यंत्रे मात्र पुष्कळशी जुन्या पत्तापद्धतीवरच चालतात व त्यांचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते. त्यामुळे दोन्ही पद्धती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदतील. नव्या पद्धतीने पत्त्यांची टंचाई संपते, परंतु कोणत्या यंत्रास किती काळ व कोणत्या जागी ओळख द्यावयाची, याचा निर्णय आणि त्याची नोंद ही कामे तीतही शिल्लक राहतात.